छताच्या फ्रेमला तडा: वेल्डिंगच्या आधी काय तपासायचं

प्रश्न असा आहे: कापडी छताच्या स्पोर्ट्स कारमध्ये डाव्या बाजूच्या दांडीला सांध्याच्या भोकाजवळ तडा गेलाय, छत अर्ध्यावर अडकतं, दांडी गाडीवरच वेल्ड केली तर चालेल का?

गाडीवर अजिबात नको. कापड, फोम आणि आतलं अस्तर ठिणगीने पेटतं, शिवाय वेल्डिंगचा करंट कंट्रोल युनिटांमधून फिरायचा धोका असतो. दांडी ओतीव असेल तर काढूनसुद्धा वेल्डिंग करण्यापेक्षा बदललेली बरी. पण त्याच्याही आधी ती कशामुळे तडकली, हे शोधा. मूळ कारण तसंच राहिलं तर नवी दांडीही त्याच जागी तुटेल.

बहुतेक वेळा कारण तिघांपैकी एक निघतं. सांध्याची पिन गंजून जाम झालेली असते, दोन्ही बाजू एका वेगाने हलत नसतात, किंवा ताणपट्टी तुटल्याने कापड आत ओढलं न जाता दांड्यांच्या मध्ये चिमटतं. दुसरं कारण सगळ्यात घातक. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्सस्टरमध्ये एकच मोटर दोन लवचिक केबलींनी दोन्हीकडचे गिअर फिरवते. एक केबल मोटरपाशी निसटली की एक बाजू चालते, दुसरी जागेवर राहते आणि अख्खी फ्रेम पिळली जाते. हायड्रॉलिक छतात एका सिलिंडरची गळती हेच करते. छत अडकल्यावर बटण दाबून धरणं आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा घालणं, दोन्ही बंद करा. फ्यूज वाचला की धातू तुटतो.

तपासणीसाठी मोटर सुटी करा. हायड्रॉलिक असेल तर पंपावरचा बायपास (तेलाला मोकळी वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडा. मग दोघांनी दोन बाजूंना धरून छत सावकाश हलवायचं, तडकलेल्या बाजूला हाताचा आधार ठेवून. कुठे जड जातं ते लगेच कळतं. काम करताना छत अर्ध्यावर ठेवायचं असेल तर लाकडी टेकू लावा. स्प्रिंग असलेल्या फ्रेमच्या दांड्या कात्रीसारख्या मिटतात आणि बोटं सापडतात. एका दांडीसाठी सगळं कापड काढायची गरज सहसा पडत नाही. कापड ताणणारी बाजूची केबल आणि कडेची चिकटवलेली झालर सोडवली की बहुतेक फ्रेमांत पिनपर्यंत हात जातो. वॉशर कुठल्या बाजूला किती आहेत, याचे फोटो मात्र काढाच.

दांडी हातात आली की धातू ओळखा. चुंबक चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर रंग खरवडून उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम. त्याचा कीस पेटतो आणि पाण्याने आणखी भडकतो, म्हणून घरी ग्राइंडर लावायचा नाही. बुडबुडे नसतील तर बहुधा अॅल्युमिनियम. त्यातही पातळ भिंती, गुळगुळीत अंग आणि साच्यातून ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे दिसले तर ते दाबाखाली ओतलेलं आहे. अशा ओतकामात वायू अडकलेला असतो. टिग वेल्डिंगच्या (विजेच्या आर्कने धातू वितळवणाऱ्या) उष्णतेत तो उसळून बाहेर येतो आणि जोड स्पंजासारखा सच्छिद्र होतो. कारागीर कितीही चांगला असला तरी हे टळत नाही.

तडा दिसतो त्यापेक्षा लांब असतो. लाल डाय-पेनेट्रंट (तड्यात झिरपणारा रंग) लावून १० ते २० मिनिटं थांबा, कापडाने पुसा (क्लीनर थेट फवारू नका, तड्यातला रंगही धुऊन जातो), मग पांढरा डेव्हलपर (तड्यातला रंग बाहेर ओढणारी पूड) मारा. लाल रेघ जिथे संपते तिथे खूण करा. वेल्डिंग होणार असेल तर साफसफाईला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका. उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. अॅसिटोन वापरा आणि तो पूर्ण उडू द्या.

तडा भोकाच्या कड्यातूनच गेला असेल तर विषय संपला: दांडी बदला. जुन्या फ्रेमवरची घेताना बाजू आणि वर्ष जुळवा, भोकात नवी पिन घालून हलवून पाहा. भोक लंबगोल झालेलं जाणवलं तर घेऊ नका.

तडा भोकापासून दूर, सरळ भागात असेल तर पट्टीचा जोड टिकतो. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकायचा थांबतो. २ मिमी पोलादी पट्टी तड्याच्या दोन्हीकडे किमान ३५ मिमी पुरेल अशी कापा. दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या सँडपेपरने घासून स्ट्रक्चरल इपॉक्सी लावा आणि प्रत्येक बाजूला किमान दोन एम५ (५ मिमी जाडीचे) बोल्ट घाला, तेही कडेला चिकटून नव्हे. इपॉक्सीचा थर दोन धातूंना वेगळं ठेवतो, नाहीतर ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. पट्टी पक्की करण्याआधी तिच्या जागी मातीचा गोळा लावून छत हाताने मिटून पाहा. मिटलेल्या फ्रेममध्ये जागा फार थोडी असते. नुसती इपॉक्सी पुटी भरून काम भागवू नका, पिळाच्या जोराने ती सोलून निघते.

पोलादी फ्रेम सगळ्यात सोपी. जस्ताचा लेप आधी काढायचा (त्याचा धूर वाईट), तड्यात व्हीसारखी खाच करायची, ०.८ मिमी वेल्डिंगच्या तारेने १५-२० मिमीचे छोटे टाके घालायचे आणि मधे थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं की दांडी वाकते.

बसवताना नवे बुश (पिनभोवतीच्या नळ्या) घाला. पिनच्या आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद), सांध्याला कोरडं पीटीएफई (टेफ्लॉनचं वंगण). ग्रीस कापडाला डाग पाडतं. बोल्ट आवळल्यावर दांडी स्वतःच्या वजनाने खाली आली पाहिजे, नाहीतर सांधा दाबला गेलाय. मग छत बंद करून, छताच्या पुढच्या आडव्या पट्टीच्या कोपऱ्यापासून विरुद्ध बाजूच्या मागच्या पिनपर्यंत दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिमीच्या आत आला आणि दोन्ही बाजू एकाच वेळी थांब्याला टेकल्या, तरच मोटर जोडा. पंधरा-वीस वेळा उघडबंद झाल्यावर त्याच जागी पेनेट्रंट पुन्हा लावून बघा, आणि विरुद्ध बाजूच्या दांडीलाही लावा. पीळ तिनेही सोसलेला असतो.