गोळी कधी सुरू झाली, त्रास कधी सुरू झाला?

या महिन्यात आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट जाणवली. औषधाचं नाव बहुतेकांनी नीट लिहिलंय, काहींनी स्ट्रिपचा फोटोही पाठवलाय. पण गोळी कुठल्या तारखेला सुरू केली आणि त्रास कधीपासून व्हायला लागला, हे दोघा-तिघांनीच कळवलंय. दुष्परिणामाची शंका आली की मी सगळ्यात आधी या दोन तारखा विचारते. त्यावरच अर्धं निदान होतं.

प्रश्न: माझं वय 58. तीन महिन्यांपासून कोरडा खोकला आहे. खोकल्याची तीन औषधं संपली, एक्स-रे स्वच्छ आला, रात्रीची झोप मात्र गेली. बीपीसाठी रामिप्रिल घेते, दुसरी कुठलीच गोळी नाही. आणखी कोणती तपासणी करू? (सातारा)

तपासणीआधी रामिप्रिलची पहिली चिठ्ठी शोधा. खोकला त्या तारखेनंतर सुरू झाला असेल, तर संशय गोळीवरच घ्यायला हवा. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या एकाच घरातल्या गोळ्या. त्यांच्यामुळे ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ शरीरात साठतो आणि घशात सतत खवखवत राहतं. दहातल्या साधारण एकाला हा खोकला होतो, बायकांना जरा जास्तच. कधी आठवड्यात सुरू होतो, कधी काही महिन्यांनी. त्यामुळे गोळीकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि खोकल्याच्या बाटल्या मात्र रिकाम्या होत राहतात.

गोळी परस्पर थांबवू नका, बीपी वाढेल. डॉक्टरांना "हा खोकला रामिप्रिलचा असू शकेल का?" असं सरळ विचारा. टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा गोळ्यांनी बीपी ताब्यात राहतं आणि त्यांच्यामुळे असा खोकला क्वचितच होतो. गोळी बदलली तरी खोकला त्याच दिवशी जात नाही. एक ते चार आठवडे लागतात, काहींना तीन महिनेही. त्यानंतरही राहिला तर मात्र पुढच्या तपासण्या कराव्या लागतील.

याच गोळीचा आणखी एक दुष्परिणाम आहे. तो विरळा आहे, पण जिवावर बेततो. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजतो. वर्षानुवर्षं गोळी सोसलेल्या माणसालाही हे होऊ शकतं. तसं झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

प्रश्न: माझ्या 16 वर्षांच्या मुलीला उलट्या होत होत्या म्हणून गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जीभ बाहेर यायला लागली. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे. अंगारा लावला, नारळ उतरवला. रात्री तालुक्याला नेलं तेव्हा एका इंजेक्शननं अर्ध्या तासात सगळं थांबलं. हे काय होतं? पुन्हा होईल का? (बीड जिल्हा)

ताई, हा उलटीच्या औषधाचा दुष्परिणाम होता. याला डिस्टोनिया म्हणतात. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन या उलटीवरच्या औषधांनी तो होतो, आणि मानसिक आजारावरच्या हॅलोपेरिडॉलसारख्या काही औषधांनीही. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात. उलटी त्यामुळेच थांबते, पण स्नायूंचा ताळमेळ सांभाळणाऱ्या भागातही तीच अडवणूक झाली तर मान, जबडा, जीभ, डोळे यांचे स्नायू आखडतात. लहान मुलं आणि तरुण, विशेषतः मुली, यांना हे जास्त होतं आणि बहुधा पहिल्या दोन दिवसांत होतं. तुमच्या पत्रात दिवस नीट लिहिलेला आहे म्हणून मी इतक्या खात्रीनं सांगू शकते.

फिटमध्ये आणि यात एक मोठा फरक आहे. या अवस्थेत माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला सगळं ऐकू येतं, जबडा साथ देईल तसं तो उत्तरही देतो. इंटर्नशिपच्या काळात मी अशीच एक मुलगी पाहिली होती. दोन दिवस देवऋषीकडे ठेवून मग तिला आणलं होतं. मान सरळ झाल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "माझ्या अंगात खरंच कोणी होतं का?" इतकी वर्षं झाली, तो प्रश्न मी विसरलेले नाही. तुमच्या मुलीलाही त्या रात्रीचं सगळं आठवत असणार. तिला जवळ बसवून सांगा, हे औषधानं झालं होतं, तुझ्यात काहीही नव्हतं. सासूबाईंनाही सांगा. त्यांनी जे पाहिलं ते कुणालाही घाबरवणारंच होतं, आणि उद्या शेजारच्या घरी असं काही झालं तर त्याच "आधी दवाखान्यात न्या" म्हणतील.

तालुक्याला दिलेल्या इंजेक्शनचा असर उतरल्यावर एक-दोन दिवसांत त्रास परत येऊ शकतो. म्हणून पुढे घ्यायला गोळ्या दिल्या असतील तर त्या पूर्ण करा. ज्या औषधानं हे झालं त्याचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक वेळी दाखवा. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉनसारखी वेगळ्या गटातली औषधं आहेत. पुन्हा असं झालंच तर मान जोर लावून सरळ करू नका, तोंडात चमचा घालू नका. आवाज घोगरा झाला किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच 108 ला फोन करा.

प्रश्न: वडील 74 वर्षांचे. शुगरसाठी ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असलेली गोळी घेतात. आषाढी एकादशीला कडक उपवास केला, गोळी मात्र सकाळी नेहमीसारखी घेतली. दुपारी असंबद्ध बोलायला लागले, सदरा घामानं भिजला. आम्हाला वाटलं उकाड्यानं झालं. साखरपाणी दिलं, पण सावरायला फार वेळ लागला. (पंढरपूर)

इथे तारखेपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. गोळी कधी घेतली आणि पोटात अन्न कधी गेलं? ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. एकट्या मेटफॉर्मिननं शुगर सहसा इतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी जास्त जपायचं.

घाम, थरथर, धडधड, भूक ही पहिली लक्षणं. मग माणूस गोंधळतो, चिडतो, दारू प्यायल्यासारखा बोलतो. म्हाताऱ्या माणसांत पहिली पायरी कधीकधी दिसतच नाही, थेट गोंधळ सुरू होतो आणि घरचे वयाला दोष देतात. बीपी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा.

आता साखरपाण्याचं. तुमच्या वडिलांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे. ते आतड्यात नेहमीच्या साखरेचं विघटन लांबवतं. म्हणून घरातली साखर देऊनही शुगर लवकर चढली नाही. अशा रुग्णाच्या घरी मेडिकलमधली ग्लुकोज पावडर असलीच पाहिजे. शुगर 70 च्या खाली असेल, किंवा ग्लुकोमीटर नसेल पण लक्षणं दिसत असतील, तर साधारण 15 ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे पावडर पाण्यातून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. सावरल्यावर खायला द्या, उपवास असला तरी. माणूस गिळण्याच्या स्थितीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

बरं वाटलं म्हणून तिथेच थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर राहतो, किडनी कमजोर असेल तर त्याहूनही जास्त. सावरलेला माणूस रात्री झोपेत पुन्हा खाली जाऊ शकतो. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. वडिलांची श्रद्धा मला समजते. पण पुढच्या एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे कागदावर लिहून घ्या.

प्रश्न: टीबीच्या गोळ्या सुरू केल्या त्याच दिवसापासून लघवी केशरी होते. किडनी खराब होतेय का? गोळ्या थांबवू का? (सोलापूर)

नाही, थांबवू नका. हा रिफाम्पिसिनचा रंग आहे. लघवी, घाम, अश्रू सगळ्यांत उतरतो आणि निरुपद्रवी असतो. पहिल्या दिवसापासून रंग दिसतोय, हेच ते औषधाचं असल्याचं चिन्ह.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अन्नावरची वासना उडाली, मळमळ-उलट्या सुरू झाल्या, लघवी गडद चहासारखी झाली, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, तर लिव्हरला त्रास होत असेल. अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी टीबी केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जा. टीबीच्याच एथॅम्ब्युटॉल या औषधामुळे नजर धूसर होऊ शकते, लाल-हिरव्या रंगात फरक कळेनासा होतो. तेही लगेच सांगा. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-6 ची गोळी जोडून भागतं. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बहिणींनो, रिफाम्पिसिन चालू असताना त्या गोळ्यांचा भरवसा धरू नका, दुसरा उपाय विचारा. निक्षय या सरकारी टीबी व्यवस्थेची मोफत हेल्पलाइन 1800-11-6666 आहे.

प्रश्न: भावाला फिट येतात म्हणून कार्बामाझेपिन सुरू केलं, आज 17 वा दिवस. दोन दिवस ताप, अंगावर लाल चट्टे, तोंडात फोड, डोळे लाल. शेजारी म्हणतात गोवर आहे. गोळी बंद केली तर फिट येईल अशी भीती वाटते. (नाशिक)

पत्रात नंबर होता, म्हणून याचं उत्तर मी त्याच दिवशी फोनवर दिलं. इतरांसाठी इथे देते.

परस्पर औषध बंद करू नका, असं मी नेहमी सांगते. त्याला अपवाद आहे, तो हा. नव्या औषधानंतर ताप आणि पुरळ, सोबत तोंड, डोळे किंवा लघवीच्या जागी फोड, किंवा त्वचा दुखरी होऊन सुटायला लागणं, अशी लक्षणं दिसली की पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. यात त्वचा भाजल्यासारखी सोलवटते, डोळे कायमचे अधू होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. संशयित गोळी जितक्या लवकर थांबेल तितकी वाचण्याची शक्यता वाढते. फिटची भीती खरी आहे, म्हणूनच घरी थांबायचं नाही; रुग्णालयात दुसरं औषध सुरू करता येतं.

हा त्रास बहुधा औषध सुरू केल्यापासून 4 ते 28 दिवसांत होतो, काही वेळा दोन महिन्यांपर्यंत. फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, गाउटसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं ही नेहमीची कारणं. कार्बामाझेपिननं ज्याला हे झालं, त्याला फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटॉननंही होऊ शकतं. ही तिन्ही नावं एका कार्डावर लिहून ते जन्मभर पाकिटात ठेवायला हवं.

प्रश्न: आईला सांधेदुखीसाठी एका गावाहून पुड्या आणतो. चार महिने जादूसारखा गुण आला. आता चेहरा गोल झालाय, शुगर निघाली. पुड्या लगेच बंद करू का? (लातूर)

लगेच नाही, आणि चालूही ठेवायच्या नाहीत. उद्याच फिजिशियनकडे न्या, उरलेल्या पुड्या सोबत न्या. इतक्या झपाट्यानं गुण येणाऱ्या, वर लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. गोल चेहरा आणि नवी शुगर हे त्याचेच माग आहेत. महिनोन्महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. मग पुडी एकदम बंद झाली की गळून जाणं, उलट्या, बीपी पडणं, प्रसंगी बेशुद्धी. डॉक्टर सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तपासतील आणि मोजून-मापून स्टेरॉइडची गोळी देत ती हळूहळू उतरवतील. शी डांबरासारखी काळी होत असेल तर उद्यावरही टाकू नका, पुडीत वेदनाशामक असेल तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो.

आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर अवश्य घ्या, पण उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटक छापलेलं.

प्रश्न: लहानपणी अमॉक्सिसिलिननं जुलाब झाले होते. सगळ्या कागदांवर "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी" लिहिलंय. बरोबर आहे का? (पुणे)

नुसते जुलाब म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं, बीपी पडणं ही अ‍ॅलर्जीची लक्षणं, आणि ती बहुधा डोसनंतर काही मिनिटं ते तासाभरात दिसतात. तेव्हा नेमकं काय झालं होतं ते घरच्यांना विचारा आणि डॉक्टरांकडून नोंद तपासून घ्या. चुकीच्या शिक्क्यापायी उगाच जास्त तीव्र अँटिबायोटिक्स घ्यावी लागतात.

प्रश्न: दुष्परिणाम झाला तर सरकारला कळवता येतो का? डॉक्टरांनीच कळवायचा असतो का? (ठाणे)

तुम्ही स्वतः कळवू शकता. त्यासाठी 2010 पासून भारतीय औषध दक्षता कार्यक्रम चालू आहे. 2011 पासून त्याचं काम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे. टोल-फ्री क्रमांक 1800-180-3024, कामाच्या दिवशी कार्यालयीन वेळेत. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. औषधानंच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नाही, नुसती शंका पुरेशी आहे.

अशा नोंदींचं पुढे काय होतं, ते एका उदाहरणानं सांगते. पाळीच्या दुखण्यासाठी घरोघरी घेतलं जाणारं मेफेनॅमिक अ‍ॅसिड तुम्हाला माहीत असेल. या कार्यक्रमाकडे आलेल्या नोंदी तपासल्यावर 30 नोव्हेंबर 2023 रोजी आयोगानं त्याबद्दल सूचना काढली. या गोळीनं ड्रेस सिंड्रोम होऊ शकतो: ताप, पुरळ, गाठी सुजणं आणि लिव्हरसारख्या अवयवांना इजा, तेही गोळी घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी. इतक्या उशिरा आलेला त्रास गोळीशी जोडला गेला, तो कुणीतरी दोन्ही तारखा लिहून कळवल्या होत्या म्हणून. फॉर्ममध्ये त्या दोन तारखांसाठी रकाने आहेत. ते रिकामे सोडू नका.