जाहिरातीत ‘मोफत पार्किंग’, प्रत्यक्षात देवळाचे आवार

सुटीसाठी भाड्याने घेतलेल्या घरांविषयी वाचकांची पत्रे नेहमीच येतात. एरवी त्यांत गळका नळ, न चालणारा एसी किंवा ‘समुद्रदर्शन’ म्हणून दाखवलेली नारळांच्या झावळ्यांमागची निळी रेघ असते. या वेळी मात्र चार पत्रे एकाच विषयावर आली, ती म्हणजे गाडी लावायच्या जागेविषयी. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे व घरांच्या खुणा वगळल्या आहेत.

प्रश्न : आम्ही सहा जण डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी तीन रात्रींसाठी घर घेतले. भाडे 27,000 रुपये, सगळे आगाऊ भरले. संकेतस्थळावरील वर्णनात ‘आवारात मोफत पार्किंग’ असे स्पष्ट होते आणि आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे आम्ही मुख्यतः तेवढ्यासाठीच हे घर निवडले. पोहोचल्यावर कळले की आवाराच्या बेड्याला (फाटकाला) जांभ्याचे दोन खांब आहेत आणि त्यांतून आमची इनोव्हा जाणे शक्य नाही. मुलाने दोरीने अंतर घेतले, ते सहा फूट एक इंच भरले. यजमानांचे म्हणणे, “आल्टो आरामात जाते की!” शेवटी गाडी खालच्या देवळाच्या आवारात लावली. तेथून घरापर्यंत पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढून यावे लागे आणि देवस्थानची रोज 50 रुपयांची पावती फाडावी लागे. आईला दोघांनी धरून आणले, पुढे तीन दिवस ती खाली उतरलीच नाही. परतल्यावर तक्रार केली, तर यजमान म्हणतात, “पार्किंग आम्ही मोफतच दिले होते, देवळाने घेतले ते देवळाचे.” आता वर्णनात ‘पार्किंग जवळच’ असा बदलही करून टाकला आहे. काही करता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : येईल. मात्र काय मागायचे, हे आधी नीट ठरवावे लागेल.

इनोव्हा क्रिस्टाची रुंदी, आरसे सोडून, 1.83 मीटर म्हणजे जवळजवळ नेमकी सहा फूट आहे. सहा फूट एक इंचाच्या फटीतून ती नेणे म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून एका इंचाची सवलत, तीही आरसे मिटून आणि बेड्यासमोर गाडी सरळ रेषेत उभी करता आली तर. तेव्हा “आल्टो जाते” हे यजमानांचे वाक्य खरे असले, तरी ते त्यांच्या बाजूचे नसून तुमच्या बाजूचे आहे, कारण प्रवेशाला मर्यादा आहे हे त्यांना ठाऊक होते आणि वर्णनात त्यांनी ते लिहिले नव्हते, हेच त्यातून दिसते. 20 जुलै 2020 पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ या व्याख्येत सेवेचे खोटे वर्णन जसे येते, तसेच महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणेही येते. हेतू सिद्ध करणे नेहमी सोपे नसते, पण तुमचा सारा भार त्यावर नाही. सांगितलेली सोय न मिळणे ही सेवेतील त्रुटीही ठरू शकते आणि तिच्यासाठी यजमानांच्या मनात काय होते हे शोधत बसावे लागत नाही.

शिवाय 2020 च्याच ई-कॉमर्स नियमांनुसार, संकेतस्थळावरून सेवा विकणाऱ्याने तिचे वर्णन प्रत्यक्षाशी जुळते ठेवले पाहिजे आणि जाहिरातीप्रमाणे सेवा नसेल तर परतावा नाकारता कामा नये. जो कोणी केवळ खाजगी नात्याने एखाद्या वेळी घर देतो, त्याला हे नियम लागू होत नाहीत. पण वर्षभर खोल्या भाड्याने लावणारे घर या सवलतीत बसत नाही. संकेतस्थळाची जबाबदारीही वेगळी आहे. तेथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. तक्रार मिळाल्यापासून 48 तासांत तिची पोच देणे आणि महिन्याभरात ती निकाली काढणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या पत्रात संकेतस्थळाचा उल्लेखच नाही, त्यावरून तुम्ही केवळ यजमानांशीच वाद घालत राहिलात असे वाटते. आधी त्या अधिकाऱ्याला लिहा.

आता पुराव्याविषयी. यजमानांनी वर्णन बदलले म्हणून हताश होऊ नका. बुकिंग झाल्यावर ईमेलने आलेली पुष्टी उघडून पाहा; त्यात बहुतेक वेळा सोयींची यादी जशीच्या तशी उतरलेली असते आणि ती यजमानांना मागाहून बदलता येत नाही. तुमच्या तक्रारीनंतर वर्णन बदलले, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे, म्हणून बदललेल्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. देवस्थानच्या तीन पावत्या सांभाळा. 150 रुपयांसाठी नव्हे, तर गाडी तीनही दिवस आवाराबाहेर होती हे दाखवणारा त्रयस्थाचा कागद म्हणून. एक गोष्ट मात्र तुमच्या हातून निसटली. पोहोचल्या संध्याकाळी, सामान उतरवण्याआधी, गाडी आणि ते दोन खांब एकाच चौकटीत येतील असे छायाचित्र काढून संकेतस्थळाच्याच संदेशपेटीतून पाठवायला हवे होते. तीन रात्री राहून, चहापाणी घेऊन, परतल्यावर तक्रार केली की समोरचा म्हणतो, “तेव्हा तर काही बोलला नाहीत.” आपल्याकडे यजमानांच्या तोंडावर बोलायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो, मीही असाच गप्प बसलो आहे.

मागायचे किती? पूर्ण 27,000 रुपये मागितलेत तर तुमची बाजू कमकुवत होईल, कारण घर तुम्ही वापरले. पावत्यांचे पैसे, भाड्याचा काही वाजवी भाग आणि आईंना झालेल्या त्रासाबद्दल भरपाई, असे तीन तुकडे वेगळे करून मागा. आईंच्या गुडघ्यांविषयी बुकिंगपूर्वी यजमानांना लेखी कळवले असेल, तर तिसऱ्या मागणीला चांगलाच जोर येईल. कळवले नसेल, तर ती मागणी माफक ठेवा. संकेतस्थळाकडून महिन्यात समाधान झाले नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. त्यासाठी रत्नागिरीला खेटे घालावे लागत नाहीत, कारण 2019 च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती या पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. तरीही, एवढ्या रकमेसाठी आयोगापर्यंत जाण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये असे माझे मत आहे. मुद्देसूद लिहिलेल्या पहिल्या पत्रावरच बरेच वाद मिटतात.

प्रश्न : माथेरानमधील एका बंगल्याच्या जाहिरातीत ‘पार्किंग उपलब्ध’ असे लिहिले होते. गाडी दस्तुरी नाक्यावरच अडवली. ही फसवणूक नव्हे काय? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : माथेरानमध्ये पर्यटकांच्या मोटारींना प्रवेश नाही. 2003 साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला, पण गावात मोटार न येऊ देण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. दस्तुरीच्या सशुल्क वाहनतळावर गाडी लावून पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या शटल आगगाडीने जावे लागते. त्यामुळे तेथील कोणत्याही बंगल्याला ‘आवारात पार्किंग’ असूच शकत नाही आणि तसे लिहिले असेल तर ते सरळसरळ खोटे आहे. तुम्ही पाठवलेल्या पानावर मात्र ‘आवारात’ हा शब्द नाही, नुसते ‘उपलब्ध’ आहे. अर्ज भरताना सोयींच्या यादीतल्या सगळ्या चौकटींवर खुणा करत सुटण्याची घरमालकांची सवय येथे नडलेली दिसते. दस्तुरीचे वाहनतळ शुल्क आणि सामान वाहून नेण्याचा खर्च मागून पाहा. त्यापलीकडे फार ताणू नका, कारण माथेरानला मोटार जात नाही ही माहिती एका शोधात सापडण्यासारखी होती, असे समोरून उत्तर येईल आणि ते अगदीच गैरलागू नसेल.

प्रश्न : लोणावळ्यात गृहसंकुलातील एक सदनिका दोन दिवसांसाठी घेतली. मालकांनी ‘राखीव पार्किंग’ लिहिले होते. सुरक्षारक्षकाने मात्र पाहुण्यांच्या गाड्या आत घेत नाही असे सांगून फाटकावरच थांबवले. मालक फोनवर म्हणाले, “जागा माझीच आहे, रक्षकाला सांगा.” रक्षक म्हणाला, “सोसायटीला सांगा.” रात्री अकरा वाजता रस्त्यावर गाडी लावली आणि सकाळी काचेवर दंडाची चिठ्ठी होती. शिवाय गेल्या वर्षी एका हॉटेलात गाडी लावायला किल्ली दिली असता तिला मोठा ओरखडा पडला होता, तेव्हा ‘वाहने मालकाच्या जोखमीवर’ या पाटीकडे बोट दाखवण्यात आले. दोन्हीविषयी सांगाल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गृहसंकुलातील मोकळी जागा आणि इमारतीखालची खांबांमधली जागा बांधकाम व्यावसायिकाला सुटी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या दहिसरच्या एका इमारतीच्या प्रकरणात सांगितले. अशा जागा सामाईक असतात आणि त्यांचे वाटप संस्था करते. संस्थेने एखाद्या सभासदाला जागा नेमून दिली, म्हणून ती त्याच्या दिवसागणिक बदलणाऱ्या पाहुण्यांसाठीही आपोआप खुली होत नाही. तेव्हा ‘जागा माझीच आहे’ हे मालकांचे म्हणणे अर्धेच खरे असू शकते. पण ती अडचण त्यांची आहे, तुमची नव्हे. संस्थेची परवानगी नसताना ‘राखीव’ हा शब्द वापरण्याचा त्यांना अधिकार नव्हता. तुमच्या फोनवरील संभाषणाची वेळ कॉलच्या यादीत असेलच, फाटकावरच्या नोंदवहीतही गाडीचा क्रमांक लिहिला गेला असेल. दंडाचे पैसे मात्र मालकांकडून मिळतीलच याची खात्री देता येत नाही, कारण गाडी कोठे लावायची हा त्या रात्रीचा निर्णय तुमचा होता. मागून जरूर पाहा.

हॉटेलचा प्रश्न निराळा आहे. तेथे वर्णन चुकलेले नव्हते, तर गाडी दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली होती. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमधून 1998 साली एका पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि नोव्हेंबर 2019 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की किल्ली हॉटेलच्या माणसाकडे सोपवल्यावर गाडीची वाजवी काळजी घेणे हे हॉटेलचे काम आहे आणि स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी ‘मालकाच्या जोखमीवर’ अशा छापील ओळीने झटकता येत नाही. म्हणून त्या पाटीला भिऊ नका. मात्र गाडी तुम्हीच लावली आणि किल्ली तुमच्याच खिशात राहिली, तर या निकालाचा आधार तेवढ्या सहजपणे घेता येणार नाही. किल्ली देताना मिळणारे टोकन आणि त्या क्षणी गाडीभोवती फिरून काढलेली चार छायाचित्रे, एवढे असले की ओरखडा आधीचा की नंतरचा हा वाद उरत नाही.

प्रश्न : मी बाजू उलटी मांडतो. अलिबाग तालुक्यात आमच्या वाडीत तीन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. आवारात दोन गाड्या नीट राहतात, तसे लिहिलेही आहे. मेमध्ये एक कुटुंब तीन गाड्या आणि मागून एक टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आले. टेम्पो शेजाऱ्यांच्या बेड्यासमोर लावला, भांडण झाले आणि पुढे ‘पार्किंगच्या नावाने फसवणूक’ असा अभिप्राय आम्हाला मिळाला. आम्ही आणखी काय लिहायला हवे होते? (एक वाचक, रायगड)

उत्तर : तुमच्यावर अन्याय झाला आहे. अभिप्रायाखाली उत्तर देण्याची सोय असते, तेथे रागावून न लिहिता बुकिंगच्या दिवशीचे तुमचे मूळ वाक्य आणि आलेल्या गाड्यांची संख्या, एवढेच द्या. वाचणाऱ्याला ते पुरते.

तरीही ‘दोन गाड्या’ हा शब्दप्रयोग मोघम आहे. स्विफ्ट 3.86 मीटर लांब असते, क्रिस्टा 4.7 मीटरहून अधिक, आणि मुंबईकराच्या डोळ्यांसमोर ‘गाडी’ म्हणताना यांतली कोणतीही असू शकते. इमारतींचे आराखडे करताना एका मोटारीला साधारण 2.5 बाय 5 मीटर जागा धरतात. तुमची जागा टेपने मोजा आणि त्या मापाने किती बसतात ते पाहा. मला वाटते, दोन मोठ्या गाड्या बसल्या तर दुसरी पहिलीच्या मागे राहत असेल आणि पहाटे मासळी आणायला निघालेल्याला मागच्याला उठवावे लागत असेल. तसे असेल तर तेही लिहा. आत येणाऱ्या वाटेचे सर्वांत अरुंद ठिकाण मोजा. आवाराचे फाटक नव्हे, तर अलीकडच्या दोन गडग्यांमधले (दगडी कुंपणांमधले) वळण बहुधा तसे निघेल. वरून आंब्याची फांदी किंवा विजेची तार येत असेल तर तिची उंची द्या, कारण टपावर सामान बांधून येणारे पुष्कळ असतात. पावसाळ्यात जमीन रुतते का, हेही सांगा.

मजकूर असा करता येईल : “आवारात दोन मोटारींसाठी मोफत जागा आहे, एकीमागे एक. वाटेची रुंदी सर्वांत अरुंद ठिकाणी अमुक मीटर. टेम्पो ट्रॅव्हलर आत येत नाही. तिसरी गाडी असल्यास आधी कळवावे. ती मुख्य रस्त्यालगत लावावी लागेल, घरापर्यंत चालत चार मिनिटे.” ‘जवळच’ हा शब्द टाळा, मिनिटे लिहा आणि ती स्वतः नव्हे, तर बॅग ओढणाऱ्या माणसाला चालवून मोजा. बुकिंग आले की गाड्या किती व कोणत्या, हा प्रश्न लगेच संदेशपेटीतून विचारा, फोनवर विचारलात तरी उत्तर लेखी मागवा. आणि सध्या जाहिरातीत लावलेले रिकाम्या अंगणाचे, केळी-सुपारीच्या सावलीतले छायाचित्र काढून टाका. ते देखणे आहे, पण त्यात चार गाड्या सहज मावतील असे मलाही वाटले. तुमच्या दोन गाड्या उभ्या असतानाचे छायाचित्र तेथे लावा.