अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ चार्ल्स लायझरसन यांच्या संशोधनाचा समांतर संगणनावर (एकच काम अनेक प्रोसेसरांनी एकाच वेळी करण्यावर) आणि नेटवर्कवर नेमका काय प्रभाव पडला?

माझ्या मते त्यांचे सर्वांत दूरगामी काम म्हणजे १९८५ साली मांडलेली 'फॅट-ट्री' ही प्रोसेसरांना जोडणाऱ्या जाळ्याची रचना. साध्या वृक्षरचनेत वरच्या, म्हणजे मुळाजवळच्या, जोडणीवर सगळी वाहतूक येऊन तुंबते. गोव्यातला अटल सेतू होण्यापूर्वी म्हापशाहून पणजीला येताना मांडवीच्या पुलावर रोज सकाळी जे होत असे, तेच. लायझरसन यांनी सुचवले की आंब्याचे खोड जसे फांद्यांपेक्षा जाड असते, तशी मुळाकडे जाताना जोडणीची क्षमता वाढवत न्यावी. कनेक्शन मशीन सीएम-५ या महासंगणकात ही रचना वापरली गेली आणि आजही महासंगणकांत व डेटा सेंटरांत तिची रूपे आढळतात.

दुसरे काम एमआयटीतील 'सिल्क' या प्रोग्रामिंग भाषेचे. तिच्यात रिकामा झालेला प्रोसेसर दुसऱ्याच्या रांगेतले काम उचलतो. फोंड्यात विद्यार्थ्यांना शिकवताना मी हे काजू सोलण्याच्या उदाहरणाने सांगतो: प्रत्येक बाई आपल्या ढिगाचा वरचा काजू घेते, पण जिचा ढीग संपला ती शेजारणीच्या ढिगाच्या तळातून उचलते, त्यामुळे दोघींचे हात एकमेकींत अडकत नाहीत. प्रत्यक्षात तळाशी असलेले काम जुने आणि सहसा मोठे असते, म्हणून वारंवार उचलावेही लागत नाही. संशोधक रॉबर्ट ब्लूमॉफ यांच्यासह त्यांनी या पद्धतीची कार्यक्षमता गणिताने सिद्ध केली, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. जावा या प्रोग्रामिंग भाषेतील, काम तुकड्यांत वाटणाऱ्या फोर्क-जॉइन चौकटीत हेच तत्त्व आहे.