बडोद्याहून एमएफए: ४७ लाखांची पदवी की दहा दिवसांची रेसिडेन्सी?

प्रश्न असा आहे. वाचक बडोद्यात मांजलपूरला राहतात, वय ४१. औषध कंपनीत कागदपत्रांच्या विभागात नोकरी, हातात ७२ हजार. यजमानांचा पगार ९५ हजार, मुलगी नववीत, गृहकर्जाचा हप्ता २८ हजार आणि तो अजून नऊ वर्षं. बाई इंग्रजीत कथा लिहितात. अमेरिकेतल्या एका कॉलेजात सर्जनशील लेखनाच्या एमएफएला, म्हणजे ‘मास्टर ऑफ फाइन आर्ट्स’ या पदव्युत्तर पदवीला, त्यांना प्रवेश मिळालाय. अभ्यास घरी बसून करायचा आणि वर्षातून दोनदा, दहा-दहा दिवस, कॉलेजात जाऊन राहायचं. अशा पाच रेसिडेन्सी. डिपॉझिट भरायला तीन आठवडे उरलेत. त्या विचारतात, मुलीच्या नावाचे म्युच्युअल फंड मोडू, पीपीएफ काढू की कर्ज घेऊ?

ताई, आधी एक गोष्ट. सासूबाईंचं ‘या वयात?’ बाजूला ठेवा. आपल्या बडोद्यात बावीस वर्षांच्या मुलाला कॅनडाला पाठवायला तीस लाखांचं कर्ज काढताना कोणी डोळ्यांची पापणी हलवत नाही, आणि एक्केचाळिशीची बाई शिकायला निघाली की सगळ्या घराला अचानक हिशेब सुचतो. माझा आक्षेप वयावर नाही, आकड्यावर आहे.

तुम्ही पाठवलेल्या हिशेबाच्या शीटमध्ये एकूण खर्च ३३ लाख दिसतो. त्यात डॉलर ८४ रुपयांचा धरलाय, विमानाचं तिकीट एकदाच घातलंय आणि राहण्याजेवणाचे दर वेळचे १,२०० डॉलर राहूनच गेलेत. चार सत्रांची फी ३८,००० डॉलर, पाच वेळचं राहणं ६,००० डॉलर. मी डॉलर ९० रुपयांचा धरला, म्हणजे ३९ लाख ६० हजार झाले. पाच तिकिटांचे साडेपाच लाख. व्हिसा, विमा, गरम कपडे, बँकेचं कमिशन धरून आणखी दोनेक लाख. ४७ लाखांच्या खाली हे येत नाही. आणि डॉलर एक रुपयानं वाढला की तुमचे ४४ हजार वाढतात.

आता एवढ्या पैशांत मिळतं काय? रेसिडेन्सीत सकाळी व्याख्यानं, दुपारी वर्कशॉप, संध्याकाळी वाचन. वर्कशॉपसाठी सगळ्यांची पानं आधीच वाचून, समासात शेरे लिहून न्यायची. शेवटी मेंटर ठरतो आणि सत्राचा आराखडा ठरतो. मग घरी येऊन दर तीन-चार आठवड्यांनी वीस-तीस पानांचं पाकीट पाठवायचं आणि मेंटरचं सविस्तर पत्र यायचं. १९७६ मध्ये व्हरमाँटच्या गॉडर्ड कॉलेजनं ही पद्धत सुरू केली ती नोकरी-संसार असलेल्यांसाठीच. पद्धत चांगली आहे. पण आठवड्याला वीस-पंचवीस तास ती घेणारच, म्हणजे रात्रीचं भाषांतराचं काम, महिन्याचे १५ हजार, बंद. हा खर्च तुमच्या शीटमध्ये कुठेच नाही.

जाता जाता, ते गॉडर्ड कॉलेज २०२४ मध्ये बंद पडलं. अमेरिकेत छोट्या कॉलेजांची अवस्था नाजूक आहे. कोणी दोन वर्षांची फी एकदम भरल्यास सवलत देऊ केली तरी घेऊ नका.

पदवीनं उत्पन्न वाढेल का? अमेरिकेत एमएफए ही अध्यापनासाठी अंतिम पदवी मानतात. आपल्याकडे विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला त्या विषयातली एमए आणि नेट किंवा पीएचडी लागते, शिवाय परदेशी पदवीच्या समकक्षतेची भानगड वेगळी. तुमच्या कंपनीत तर एक रुपयाही वाढणार नाही. म्हणजे ही गुंतवणूक नाही, हौसेचा खर्च आहे. हौस हा शब्द मी हलक्या अर्थानं वापरत नाही. पण हौसेला कर्ज काढायचं नसतं.

कर्जाचंच बघा. ३० लाख, ११ टक्के, दहा वर्षं, हप्ता सुमारे ४१,३०० रुपये. घराचा धरून ६९ हजार, तेही मुलगी कॉलेजात असताना. व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि तुम्ही दोघं नव्या प्रणालीत आहात. १९१३ मध्ये सयाजीरावांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा महिना साडेअकरा पौंड दिले आणि दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. तुमचंही बंधन दहाच वर्षांचं असेल, फक्त देणारी बँक आणि फेडणारं घर.

मुलीच्या फंडातले १७ लाख विषयच नाही. साडेतीन वर्षांत ते लागणारच आहेत. पीपीएफमध्ये १४ लाख असले तरी खातं चालू ठेवून मुदतीआधी निम्म्याहून जास्त निघत नाहीत, आणि तो निम्मा मोजतात चार वर्षांपूर्वीच्या किंवा गेल्या वर्षाच्या शिल्लकेवर, जी कमी असेल तिच्यावर. उच्च शिक्षणासाठी पाच वर्षांनंतर खातं बंद करून सगळे काढता येतात, पण मग व्याज एक टक्क्यानं कमी धरतात. सहा लाखांची एफडी अडीअडचणीची आहे, ती तशीच राहू द्या.

सगळ्यात मोठी अडचण मात्र तुम्ही विचारलेलीच नाही. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत पदवीचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळवता येत नाहीत. विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजानं आय-२० हा प्रवेशाचा अधिकृत दाखला द्यावा लागतो, आणि त्या व्हिसात घरबसल्या अभ्यासाला फार थोडी जागा असते. बहुतेक अभ्यास घरून होणाऱ्या कोर्ससाठी ते आय-२० देतात का, हे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागाकडून लेखी घ्या. उत्तर येईपर्यंत डिपॉझिटचे ५०० डॉलर भरू नका. ‘बघू, होईल काहीतरी’ अशा ईमेलवर तर मुळीच नाही.

त्याच ईमेलमध्ये दोन गोष्टी आणखी विचारा. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का? आणि पदवीला नाव न घालता, क्रेडिट न घेता, एका रेसिडेन्सीला बसू देतात का? तसा छोटा अभ्यासक्रम पर्यटक व्हिसात बसतो. तिकीट १.१० लाख, राहणं १.०८ लाख, व्हिसाचे १८५ डॉलर, फी म्हणून १,५०० डॉलर धरा, वर ४० हजार किरकोळ. चार लाख दहा हजारांच्या आसपास.

हे पैसे तुमच्याकडे आहेत. भाषांतराच्या कमाईचे ३ लाख ४० हजार तुम्ही वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्यांच्यावर ना मुलीचं नाव आहे ना घराचं. उरलेले ७० हजार त्याच कामातून पाच महिन्यांत जमतील. रक्कम वर्षाच्या दहा लाखांच्या मर्यादेत असल्यानं बँक टीसीएस, म्हणजे परदेशी पाठवलेल्या पैशांवरचा आगाऊ कर, कापणार नाही. पूर्ण पदवीला वर्षाला साधारण वीस लाख पाठवावे लागले असते, ते स्वतःच्या पैशांतून पाठवले असते तर कापला असता. रिटर्नमध्ये तो परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. तिथे क्रेडिट कार्ड घासू नका, साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप जातो. निघण्याआधी फॉरेक्स कार्ड भरा.

दहा दिवसांनंतरही पदवी हवीशी वाटली, आय-२० मिळत असेल आणि कॉलेज फीमध्ये निदान चाळीस टक्के सवलत देत असेल, तर परत लिहा. मग आपण यजमानांना बरोबर घेऊन बसू.

सत्र उन्हाळ्याचं मागा. जानेवारीत तिकडे बर्फ असतो, कोट-बुटांतच पंचवीस हजार जातील. शिवाय पुढच्या जानेवारीत मुलगी दहावीच्या प्रिलिममध्ये असेल. मुलाखतीला मुंबईला जावं लागेल, म्हणून व्हिसाचा अर्ज कॉलेजचं पत्र हाती आल्याबरोबर टाका आणि तिकीट व्हिसा पासपोर्टवर लागल्यानंतरच काढा.