भिकाऱ्याला आधी बोलू दे

प्रिय पोरी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझी स्टोरी परवा रात्री वाचली, सकाळी परत एकदा वाचली. लगेच फोन करणार होतो पण फोनवर मी भराभर बोलत सुटतो आणि तू नुसती "हो काका, हो काका" करतेस, म्हणून म्हटलं लिहूनच सांगावं, निवांत वाचशील.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. तो म्हातारा आपल्या कोल्हापूरच्या बिंदू चौकात खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभा आहे आणि पोत्यावरचं अक्षर पावसानं अर्धं गेलंय, हे तू बघितल्याशिवाय लिहूच शकत नाहीस. त्या दोन ओळी वाचताना मी थांबलो. पण तिथून पुढं मात्र तो म्हातारा गायबच झाला गं. राजारामपुरीतल्या त्या शेटनं त्याला गेटवरनं हाकललं, रात्री शेटची गाडी पंचगंगेच्या पुलाजवळ घसरली, म्हाताऱ्यानं येऊन दार उघडलं, तळहातावर खिळ्यांचे व्रण दिसले आणि तो धुक्यात नाहीसा झाला. शेट रडला, शेट बदलला, शेटनं चर्चला देणगी दिली. सगळं शेटचं. म्हातारा एक वाक्य बोलला ते पण आशीर्वादाचं. त्याला भूक लागली होती हे तूच पहिल्या पानावर लिहिलंयस आणि शेवटच्या पानापर्यंत त्यानं काही खाल्लेलं नाही. मी मुद्दाम परत जाऊन बघितलं, खरंच नाही खाल्लेलं.

ही तुझी एकटीची चूक नाही. नाताळ आला की ग्रुपवर अशा पंधरावीस स्टोऱ्या येऊन पडतात, सगळ्यांचा साचा तोच. भिकारी येतो, माणूस हाकलतो किंवा देतो, मग कळतं की तो देवदूत होता नाहीतर प्रत्यक्ष प्रभु होता. बायबलात इब्री १३ मधलं वचन आहेच त्याला, पाहुणचार विसरू नका, काहींनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केलाय. मत्तय २५ तर आपल्याला पाठच आहे, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं. पण मत्तय २५ नीट वाच. तिथं देणाऱ्यांना आपण प्रभूला दिलं हे माहीतच नव्हतं, ते उलट विचारतात की प्रभो, आम्ही तुला भुकेला कधी बघितलं? म्हणजे त्यांनी भुकेल्याला भुकेला म्हणून दिलं, वेषांतराची शंका आली म्हणून दिलं नाही. आपल्या स्टोऱ्यांनी हे उलटं करून ठेवलंय, आता वाचणारा शिकतो काय, तर सांभाळून वाग, हा भिकारी कदाचित कोणीतरी मोठा असेल. आणि मोठा नसेल तर? नुसताच म्हातारा, दारू पिणारा, वास येणारा, शिव्या देणारा असेल तर?

आता माझं सांगतो, हे मी मंडळीत कधी सांगितलं नव्हतं.

मी बी.एड. करून नोकरी शोधत होतो तेव्हाची गोष्ट. सीबीएस स्टँडच्या बाहेर एक म्हातारी बसायची. एकदा मी इंटरव्ह्यू देऊन आलो, हातात वडापाव होता, तिनं हात पुढं केला, मी दिला. पुढच्या नाताळात तरुण संघाच्या कार्यक्रमात मी साक्ष दिली, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगितलं, ती अशी: माझ्याकडं शेवटचे पैसे होते, त्यातनं घेतलेला घास मी तिला दिला, तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आठ दिवसांत नेमणुकीचं पत्र आलं. बायका पदर डोळ्याला लावून रडल्या. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली.

खरं काय झालं होतं ते ऐक. तिनं वडापाव हातात घेतला, उघडून बघितला आणि परत माझ्यापुढं धरला. म्हणाली, "दात न्हाईत रं बाबा. वडा तिखट लागतोय. च्या दे आणि पाव दे, भिजवून खातो." मला राग आला. खरंच आला, फुकट मिळतंय आणि वर फर्माईश. तरी मागे लोक बघत होते म्हणून गाड्यावरनं चहा आणि साधा पाव आणून दिला. तिनं चहा आपल्या जर्मनच्या वाटीत ओतला, पावाचा तुकडा दोन बोटांनी चहात दाबून धरला, तो फुगेपर्यंत अजिबात घाई केली नाही, मग हळूच उचलून तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. सगळा पाव असाच खाल्ला. शेवटी वाटीच्या तळाला राहिलेला लगदा बोटानं पुसून घेतला आणि मला म्हणाली, "साखर कमी हाय." डोक्यावर हातबित काही ठेवला नाही. आणि नेमणुकीचं पत्र आलं तीन महिन्यांनी, ते पण चौथ्या अर्जाला.

मी हे सगळं कापलं. दात कापले, साखर कापली, तीन महिन्यांचे आठ दिवस केले. का, तर त्याशिवाय चमत्कार बसत नव्हता. कार्यक्रम संपल्यावर मंडळीतल्या एक वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या, त्यांनी कौतुक वगैरे काही केलं नाही, एवढंच विचारलं, "ती म्हातारी आता कुठं असती रे?" मला माहीत नव्हतं. नोकरी लागल्यापासून मी त्या बाजूला बघितलं पण नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिथं दुसरंच कोणतरी बसलेलं. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं गं. तिच्यावर साक्ष दिली आणि नाव माहीत नाही.

तेव्हापासून मी शुभवर्तमानातले भिकारी वेगळ्या नजरेनं वाचायला लागलो, आणि तुला सांगायचंय ते हेच आहे, की तिथले भिकारी बोलतात. मार्क १० काढ. यरीहोच्या वाटेवर आंधळा बसलाय, मार्कनं त्याचं नाव दिलंय, बापाचं नाव पण दिलंय, तीमयाचा मुलगा बार्तीमय. तो ओरडतो, लोक गप्प बस म्हणून दटावतात, तो आणखी जोरात ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला विचारतो काय, तर मी तुझ्यासाठी काय करू? आंधळ्याला विचारतोय हे! त्याला काय पाहिजे हे समोर दिसत असताना विचारतोय. मला आधी हा प्रश्न वायाच वाटायचा. त्या म्हातारीच्या पावानंतर कळला. मी विचारलं असतं तर तिनं दात नाहीत म्हणून आधीच सांगितलं असतं. आणि अजून एक बघ, बोलावणं आल्यावर बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. रस्त्यावर बसणाऱ्याचं वस्त्र म्हणजे अंथरूण पांघरूण सगळं तेच, ते त्यानं दिसायला लागायच्या आधी टाकलंय. बरं झाल्यावर नाही, आधी. असा एक डिटेल तुझ्या स्टोरीत आला की तुला धुकं लागणार नाही.

योहान ९ तर तू स्टोरी लिहिणारी म्हणून वाचच. जन्मापासून आंधळा, भीक मागणारा. शिष्यांचा पहिला प्रश्न काय, तर पाप कुणी केलं, ह्यानं की ह्याच्या आईबापानं? त्याच्यासमोर, तो ऐकतोय तरी. येशू म्हणतो कुणीच नाही. थुंकीनं चिखल करून डोळ्याला लावतो, धुवून ये म्हणतो, आणि चमत्कार सातव्या वचनात संपतो. अध्याय आहे एक्केचाळीस वचनांचा! बाकीचं सगळं चमत्कारानंतरचं आहे. शेजारी वाद घालतात की हा तोच बसून भीक मागणारा का त्याच्यासारखा दिसणारा, म्हणजे इतकी वर्षं रोज बघून पण कुणी त्याचा चेहरा नीट बघितला नव्हता. आईबाप घाबरून हात वर करतात, तो मोठा आहे त्यालाच विचारा म्हणतात. आणि हा माणूस परूश्यांना, म्हणजे धर्माच्या कडक पुढाऱ्यांना, तोंडावर उत्तरं देतो, शेवटी त्याला बाहेर काढतात. बाहेर काढल्याचं ऐकल्यावर येशू त्याला शोधायला परत येतो. डोळे मिळाल्यावर पण त्याचं सगळं सुरळीत झालं नाही, हे लिहायला धाडस लागतं.

प्रेषितांची कृत्ये ३ मधला पांगळा पण घे. त्याला रोज उचलून देवळाच्या सुंदर नावाच्या दरवाजापाशी ठेवायचे, वय चाळीसच्या वर. पेत्र त्याला आधी म्हणतो, आमच्याकडं बघ. सोनं रुपं माझ्याजवळ नाही हे नंतर. मग उजवा हात धरून उठवतो. तुझ्या शेटनं एकदा तरी म्हाताऱ्याच्या डोळ्यात बघितलंय का?

आणि लाजर, लूक १६ मधल्या दाखल्यात श्रीमंताच्या दारात पडलेला भिकारी. अब्राहाम सोडला तर येशूच्या दाखल्यांत नाव दिलेलं पात्र हे एवढंच, श्रीमंताला नाव नाही, भिकाऱ्याला आहे. आपल्याकडं म्हणतात भीक नको पण कुत्रं आवर, इथं उलटं, दारातल्या माणसाजवळ येतात ती कुत्रीच, त्याचे फोड चाटायला. जिवंतपणी त्याला चमत्कार मिळत नाही, एकही नाही. श्रीमंत मेल्यावर म्हणतो की मेलेला कोणी परत उठून माझ्या भावांकडं गेला तर ते सुधारतील, तेव्हा अब्राहाम सांगतो, मोशे आणि संदेष्ट्यांचं ऐकत नाहीत तर मेलेला उठला तरी ऐकणार नाहीत. म्हणजे खिळ्यांचे व्रण दाखवून शेटला बदलायची तुझी आयडिया आहे ना, ती खुद्द ह्या दाखल्यातच नाकारलीय बघ.

चमत्कार नकोच असं माझं म्हणणं नाही हं, गैरसमज करून घेऊ नकोस. चौथ्या शतकातला मार्टिन बघ, तेव्हा तो रोमन शिपाई होता, बाप्तिस्मा पण झाला नव्हता. कडाक्याच्या थंडीत आमियाँ गावाच्या वेशीवर उघडा भिकारी दिसला, त्यानं तलवारीनं आपला झगा मधोमध कापून अर्धा दिला. रात्री स्वप्नात ख्रिस्त तोच अर्धा तुकडा पांघरून दिसला. मला ह्यात सगळ्यात काय आवडतं सांगू, अर्ध्या झग्यात मार्टिन कसातरी दिसायला लागला म्हणून बघणारे काही लोक हसले हे लिहून ठेवलंय. आणि झगा अर्धाच राहिला, सकाळी उठल्यावर अख्खा झाला नाही. चॅपल हा शब्द त्याच झग्याच्या लॅटिन नावावरनं आलाय, म्हणजे प्रार्थनेच्या जागेला एका फाडलेल्या कपड्याचं नाव! असा चमत्कार तू खुशाल लिही.

खोटं मात्र खरं म्हणून सांगू नकोस. २०१३ ला फेसबुकवर एक स्टोरी जगभर फिरली, दहा हजार लोकांच्या चर्चचा नवा पाळक भिकाऱ्याच्या वेषात मागं बसला, कुणी विचारलं नाही, मग स्टेजवर जाऊन त्यानं ओळख दिली. आपल्याकडं पण लोकांनी प्रवचनात वापरली. तसा पाळक कुठं सापडलाच नाही, आणि सोबत जो फोटो होता तो इंग्लंडमधल्या एका खऱ्या बेघर माणसाचा निघाला, त्याचा ह्या सगळ्याशी काही संबंध नाही. वाईट काय वाटतं माहीत आहे, लाखो लोकांनी त्या माणसाचा चेहरा बघितला आणि रडले ते दुसऱ्याच कुणासाठी, जो नव्हताच त्याच्यासाठी. मी त्या म्हातारीचं तेच केलं होतं. म्हणून कल्पित असेल तर वर सरळ 'कथा' लिही, साक्ष म्हणू नको. साक्ष हा शब्द कोर्टातला पण आहे.

आपल्या भागात मागणाऱ्याला आधी नाव तरी होतं. सकाळी वासुदेव यायचा, अंबाबाईचा जोगवा मागायला परड्या घेऊन बायका यायच्या, माधुकरी मागून पोरं शिकली. गाडगेबाबा चिंध्या पांघरून गावात शिरायचे तर लोकांना भिकारीच वाटायचे, पण ते आधी झाडू मारायचे आणि मग भाकरी घ्यायचे, आणि कीर्तनात सुद्धा समोरच्या माणसाला प्रश्न विचारून त्याच्याकडूनच उत्तर काढायचे. पुढं १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आला, त्यात गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून मागणं पण भीक धरलंय, आणि जखम उघडी दाखवून मागणं पण. पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं डांबून ठेवायची तरतूद आहे. लाजर आज आपल्या दारात पडला असता तर ह्याच कलमात बसला असता, फोडांसकट. हे तुला कथेत घालायला सांगत नाही, पण तुझ्या म्हाताऱ्याला गेटवरनं हाकलल्यावर तो कुठं जाईल आणि कुणाला घाबरेल हे तुला माहीत पाहिजे.

आता कामाचं. शेटला जरा बाजूला ठेव, त्याला गाडी घसरायची गरज नाही. पहिली दोन पानं ठेव, पोतं तर ठेवच. मग म्हाताऱ्याला बोलू दे, आणि तो गोड बोलेल असं धरून चालू नको. तो पोत्यावरनं बोलेल, पायावरनं बोलेल, कदाचित शेटच्या वॉचमनवरनं बोलेल, तो वॉचमन त्याच्या गावचा निघेल, मला माहीत नाही, पण तुला पण आत्ता माहीत नाही आणि हीच अडचण आहे. तू त्याला लांबनं बघितलंयस. खरा म्हातारा अजून बिंदू चौकात असतो असं तूच म्हणालीस ना.

नाताळच्या कार्यक्रमाला अजून पाच आठवडे आहेत, घाई करू नको, संडे स्कूलच्या पोरांची बसवाबसवी मी बघतो. शनिवारी पाचला घरी ये, काकू पण येणार आहे सोबत, चालतच जाऊ. वही आणू नको, मोबाईल पण खिशातच राहू दे. थर्मासमध्ये चहा मी घेतो, साखर थोडी जास्तच घालायला सांगतो काकूला. येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतनं साधा पाव घेऊन ये, खारी नको, बटर पण नको, कडक असतंय ते.

तुझा,
काका