नाव आपलं, तोंडी सगळ्यांच्या

प्रश्न : दूध संस्थांसाठी मी बारा वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर बनवलं आणि नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. आता आमच्या तालुक्यात सॉफ्टवेअर कुणाचंही असो, शेतकरी त्याला माझ्याच नावानं ओळखतात. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका विक्रेत्यानंही त्याच्या दरपत्रकावर तेच नाव छापलं. लोक म्हणतात, ‘तुमचं झेरॉक्स झालं, नाव आता तुमचं राहिलं नाही.’ खरं का?
— एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : नाही दादा, शेतकऱ्यांच्या बोलण्यानं तुमचं नाव जात नाही. गावोगावी ‘झेरॉक्स काढून दे’ म्हणतात, तरी झेरॉक्स हे नाव त्या कंपनीचंच आहे. ‘गूगल कर’ तर आपण उठता-बसता म्हणतो. याच मुद्द्यावर अमेरिकेत गूगलची नोंदणी रद्द करून मागितली गेली. ‘गूगल’ शब्द घालून घेतलेल्या ७६३ डोमेन नावांवरून, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांवरून, तो वाद पेटला होता. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं दावा फेटाळला. शब्द क्रियापद झाला, एवढ्यानं भागत नाही. ‘गूगल’ म्हटल्यावर लोकांच्या मनात कुठलंही सर्च इंजिन येतं की तेच एक, हे बघायचं.

मला खरी काळजी वाटते ती त्या दरपत्रकाची. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३६ नीट वाचा. नोंदणीनंतर शब्द लोकांच्या तोंडी रुळला, म्हणून नोंदणी बाद होत नाही. पण त्याच धंद्यातले इतर लोक तो शब्द त्या वस्तूचंच नाव म्हणून वापरतात आणि हा वापर चांगला रुळलेला आहे, असं सिद्ध झालं, तर नाव हातचं जाऊ शकतं. एका दरपत्रकानं तसं होणार नाही. पाच जणांनी छापलं आणि तुम्ही गप्प बसलात, तर अवघड आहे. म्हणून याच आठवड्यात वकिलामार्फत नोटीस धाडा आणि दरपत्रकाची मूळ प्रत जपून ठेवा. दहा वर्षांनी करायचं नूतनीकरण केलंत ना? नसेल, तर आधी ते बघा.

आता तुमच्या बाजूचं. माझ्या माहेरी डेअरीवर दूध घातलं की चिठ्ठी मिळते : लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर, रक्कम. तळाशी बारीक अक्षरात सॉफ्टवेअरचं नाव, नुसतंच. तुमच्याही चिठ्ठीवर तसंच असेल, तर पुढे ‘दूध संकलन सॉफ्टवेअर’ हे शब्द जोडा. वस्तूला साधं नाव मिळालं नाही, तर लोक तुमचंच वापरणार, त्यात त्यांची काय चूक? लिफ्ट बनवणाऱ्या ओटिस कंपनीनं ‘एस्कलेटर’ (सरकता जिना) हे नाव १९५० मध्ये गमावलं, कारण स्वतःच्या जाहिरातींतही ती तो शब्द ‘एलिव्हेटर’सारखा (म्हणजे लिफ्टसारखा) वस्तूचं साधं नाव म्हणून वापरत होती. तुमच्या माणसांनाही सांगा : संस्थेत फोनवर बोलतानासुद्धा ‘आमचं सॉफ्टवेअर’ आणि मग नाव.

शेतकऱ्यांना मात्र कुणी टोकू नका. रोज पहाटे ते तुमचं नाव घेतात, ते तुमच्या कामामुळेच.