‘भारी आहे’ या शेऱ्याचे काय करायचे?

प्रिय विद्यार्थिनी,

तुमच्या पत्राबरोबर पाच पानांचे एक स्किट आणि मित्राच्या संहितेवर तुम्ही लिहिलेला दोन पानी अभिप्राय, असे दोन्ही मिळाले. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांना सहसा गुणपत्रिका जोडलेली असते, त्यामुळे हे कागद मी जरा चवीने वाचले. तुमची अडचण थोडक्यात अशी : तुम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि तीन वर्षे एका हौशी गटासाठी स्किट लिहीत आहात. वाचनाला सगळे ‘भारी आहे’ म्हणतात, प्रयोगाला मात्र प्रेक्षक गप्प बसतात. शिवाय तुम्ही मित्राच्या स्किटवर परखड लिहिले, तर त्याने गटात येणेच सोडले. त्यावरून विनोदी लेखन आपल्याला जमणारे नाही, आपला पिंड समीक्षकाचा असावा, असे ठरवून तुम्ही त्या दिशेचे अभ्यासक्रम विचारले आहेत.

हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. स्किट लिहिणे आणि दुसऱ्याचे स्किट नीट वाचणे ही दोन वेगळी करिअर नाहीत. व्यावसायिक लेखकांच्या चमूत एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही करावे लागते. शिवाय तुमच्या दोन्ही कागदांत चूक एकच आहे : हाती आलेल्या गमतीपाशी तुम्ही थांबत नाही.

स्किटपासून सुरुवात करू. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात एक गृहस्थ सापडलेली छत्री जमा करायला येतो आणि कारकून त्याला विचारतो, “ही छत्री तुमची नाही, याचा काही पुरावा?” हे वाक्य मी वाचले तेव्हा एकटाच हसलो. पण ते येते दुसऱ्या पानाच्या शेवटी. संहितेचे एक पान म्हणजे रंगमंचावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरला, तरी प्रेक्षकाने जवळपास दोन मिनिटे कारकुनाचे फोनवरचे बोलणे ऐकत काढलेली असतात. स्किटमध्ये जग कुठे वाकडे आहे हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळायला हवे आणि त्यानंतरची प्रत्येक पायरी त्याच वाकडेपणाची, पण आधीपेक्षा उंच असायला हवी. तुम्ही मात्र पुढच्याच पानावर कारकुनाच्या सासूला आणता, मग विसरभोळ्या शिपायाला, आणि शेवटी सगळे स्वप्न होते असे सांगून मोकळ्या होता. (स्वप्नावर संपणाऱ्या स्किटचा लेखक दमलेला असतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते.)

खरे तर पुढची पायरी तुम्ही स्वतःच लिहून ठेवली आहे. चौथ्या पानावर छत्रीचा खरा मालक पावती घेऊन येतो आणि कारकून म्हणतो, “पावती तुमच्याकडे आहे, म्हणजे छत्रीही तुमच्याकडेच असणार, ही दुसऱ्या कोणाची तरी आहे.” हे त्याच तर्कशास्त्राचे टोक आहे, पण सासूच्या गडबडीत ते वाहून जाते. आणि पाचव्या पानाच्या सुरुवातीला कंसात ‘बाहेर पाऊस सुरू होतो’ असे लिहून तुम्ही ते विसरून गेला आहात. कारकून घड्याळ बघतो, तीच छत्री उघडतो आणि घरी जायला निघतो; छत्री आणणारा आणि मालक बघत राहतात; ब्लॅकआऊट, म्हणजे रंगमंचावर अंधार. सासू, शिपाई आणि स्वप्न काढून टाकले तर हे स्किट तीन पानांत बसते.

आता वाचनाविषयी. गटातल्या मित्रांना लेखिका ओळखीची असते, विनोद कशावरून सुचला हेही ठाऊक असते, त्यामुळे त्यांच्या हशाला फारशी किंमत नाही. पुढच्या वाचनात तुम्ही स्वतः एकही भूमिका वाचू नका. संवाद इतरांकडे आणि रंगसूचना आणखी एकाकडे द्या. तुम्ही हातात पेन घेऊन गप्प बसा, आणि जिथे हशा येईल तिथे समासात खूण करा, येणार म्हणून धरलेला आला नाही तिथे वेगळी. प्रयोगाचेही ध्वनिमुद्रण करून तीच संहिता पुन्हा तशीच तपासा. वाचन संपल्यावर ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘भारी’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘यात गंमत नेमकी कशाची आहे, एका वाक्यात सांगा’ असे विचारा. पाच जणांनी पाच वेगळी उत्तरे दिली, तर दोष नटांचा नाही.

व्यवसायातही गाळणी याहून फार वेगळी नसते. अमेरिकेत १९७५ पासून चालू असलेल्या ‘सॅटर्डे नाईट लाइव्ह’ या कार्यक्रमात बुधवारी सर्वांसमोर संहितांचे वाचन होते, त्यांतील थोड्याच निवडल्या जातात, आणि शनिवारी प्रेक्षकांपुढे झालेल्या रंगीत तालमीनंतर प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या थोडेच आधीही काही स्किट गळतात. नेपथ्य उभे झालेले, वेशभूषा शिवलेली असते, तरी गळतात. तुमचे एक स्किट पडले म्हणून पिंड बदलायचा, तर त्या लेखकांना दर आठवड्याला बदलावा लागेल.

करिअरचे म्हणाल, तर या क्षेत्रात पदवीपेक्षा नमुन्याच्या संहिता पाहिल्या जातात, काम बहुधा कंत्राटी असते आणि हंगाम संपला की उत्पन्नही थांबू शकते. म्हणून हाती असलेली पदवी पूर्ण करा. केंब्रिज विद्यापीठाच्या ‘फूटलाइट्स’ या १८८३ साली स्थापन झालेल्या विद्यार्थी नाट्यमंडळातून पुढे आलेले ब्रिटिश विनोदी लेखक-नट जॉन क्लीज कायद्याचे आणि ग्रॅहम चॅपमन वैद्यकाचे विद्यार्थी होते. दोघांनीही हौस सांभाळून शिक्षण पुरे केले. समीक्षेचा अभ्यासक्रम मी आत्ता सुचवत नाही. वर्षभरात तपासून, खुणा करून, पुन्हा लिहिलेली सहा स्किट तयार करा. संहिता-संपादक, जाहिरात लेखन, मालिकांचा लेखन-चमू, यांपैकी कुठेही अर्ज करताना तीच उपयोगी पडतील.

राहिला तुमचा मित्र. तुमच्या अभिप्रायातली नऊ वाक्ये ‘मी असते तर’ अशी सुरू होतात, म्हणजे तुम्ही त्याचे स्किट वाचण्याऐवजी त्या जागी तुमचे लिहीत होता. कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळ झाला, हे सांगण्याचा अधिकार वाचकाला पूर्ण आहे. उपाय मात्र विचारल्याशिवाय देऊ नये. ती दोन पाने बाजूला ठेवा आणि त्याला अर्ध्या पानाचे पत्र लिहा : त्याच्या स्किटमध्ये तुम्ही पहिल्यांदा कुठे हसलात, आणि लक्ष कोणत्या ओळीवर उडाले. त्याबरोबर छत्रीची पाच पाने पाठवा आणि तशाच दोन खुणा करून मागा.